तरुण घोडी रानवाटेवर नेऊन पाहिली, एका गोष्टीवर तुमचं मत हवंय (उचगाव-वैजनाथ भाग)

काजूमळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बेळगावजवळच्या उचगावच्या पुढं एका मळ्यात एक तरुण घोडी विकाऊ आहे. रंग कुमैत (अंग तांबूस तपकिरी, आयाळ-शेपटी काळी), मागचे दोन्ही पाय पांढरे, कपाळावर टिळा, उंची ५४ इंच. मालक पाच वर्षांची सांगतो, खरं तोंड उघडून पाहिलं तर चार दात पक्के आणि कडेचे अजून दुधाचे आहेत. म्हणजे साडेतीन ते चार, फार तर साडेचार, त्याच्या वर नाही. आम्हाला ती रविवारच्या रपेटीसाठी हवी आहे, मुख्यतः भाचीला. वरात नाही, शर्यत नाही. मालकानं शनिवार-रविवार दोन्ही दिवस रानात नेऊन पाहायला दिली, हे त्याचं मोठेपण.

शनिवारी पाठीवर कुणीच बसलं नाही. भाचीनं म्होरकी (तोंडात कडी नसलेली दोरीची मोहरकी) घालून, लांब दोरी सैल धरून तिला चालवत नेलं. पुढं मालकाचा म्हातारा घोडा, त्याच्यावर मी. ही पद्धत मुद्दाम धरली. लगाम ओढलेला असला की घोड्याची निम्मी भीती माणसाच्या हाताखाली दबते आणि आपल्याला तिचा पत्ताच लागत नाही. सैल दोरीवरचं घोडं काही लपवत नाही.

आमच्याकडं भाताची सुगी आता उरकत आली आहे. मळणी झालेल्या शेताच्या कडेला पिंजराची (भाताच्या पेंढ्याची) गंजी होती, वर निळा प्लास्टिकचा कागद, आणि वाऱ्यानं त्याचं एक टोक फडफडत होतं. घोडी जागच्या जागी थांबली. चारी पाय रोवलेले, मान ताठ, नाकपुड्या रुंद, नाकातून मोठा फुत्कार. भाचीनं ना ओढलं, ना थोपटलं, बाजूला नुसती उभी राहिली. काही वेळानं घोडीची मान खाली आली, तिनं काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवलं आणि स्वतःहून एक पाऊल टाकलं. मग दुसरं. परतताना त्याच गंजीपाशी तिनं एक कान तेवढा तिकडं वळवला, चाल मोडली नाही. ही घोडी घ्यावी असं मला तिथं वाटलं.

बाजारात लोक मैदानावरची रेवाल चाल (हिसके न बसणारी, भराभर पावलांची) बघतात, अंगावरचे केसांचे भोवरे बघतात आणि सौदा करतात. चाल मलाही आवडते. पण रानवाटेवर जायचं तर बघायची गोष्ट वेगळी आहे. तरुण घोडं बुजणारच. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं नाकासमोरची थोडी जागा आणि थेट पाठीमागची जागा सोडली तर त्याला भोवतालचं जवळजवळ सगळं दिसतं. पळून जीव वाचवणारी ही जात आहे. अजिबात न बुजणारं तरुण घोडं दिसलं तर मला उलट शंका येते, ते दमवलेलं असतं नाहीतर गुंगीत असतं. बुजल्यावर ते किती लवकर सावरतं आणि तीच गोष्ट पुन्हा समोर आली की काय करतं, यावर घोडं पारखावं असं माझं ठाम मत आहे.

रविवारी खोगीर घातलं आणि भाची बसली. वैजनाथच्या डोंगराकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेनं निघालो. ओढ्यापाशी म्हातारा घोडा आधी पाण्यात घातला. पाणी किती खोल आहे हे तरुण घोड्याला कळत नाही, म्हणून मान मोकळी सोडून तिला वास घेऊ दिला. तिनं पुढच्या पायानं पाणी ढवळलं आणि मग सगळा ओढा एका उडीत ओलांडला. भाचीनं आयाळ धरून ठेवली होती, त्यामुळं तोंडाला हिसका बसला नाही. लगेच परत आणून पुन्हा नेली, तर चालत गेली. पुढं डांबरी रस्ता लागला, तिथं उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, डेक मोठ्यानं लावलेला. कडेला घेऊन उभी केली. अंग आवळलं, पण हलली नाही.

आता प्रश्नाकडं येतो. परतीच्या कच्च्या वाटेवर मागून एक मोटरसायकल आली. ती बरोबरीला आली तसा घोडीनं पाठीचा कणा खाली घेतला, मान लांबवली आणि सुटली. हे बुजणं नव्हतं. शेपटी दाबलेली नाही, डोळ्याचं पांढरं दिसत नाही, कान पुढं. गाडी जोर करून पुढं निघून गेली, तशी हीही जोर करत होती. भाचीनं उजवीकडच्या मोकळ्या शेतात घेऊन गोल फिरवत फिरवत चाल मोडली. थांबल्यावर घोडी घाबरलेली नव्हती, तिला अजून पळायचं होतं.

गंजीला सावरणारी, ट्रॅक्टरला उभी राहणारी घोडी एका मोटरसायकलवर अशी का करते? कुणी असं पाहिलंय का?

रपेट_मुळाकाठ

धागा आवडला. शनिवारी हातात धरून नेलीत हे फारच चांगलं केलंत, इथं पुण्यात शिकवणाऱ्यांकडंसुद्धा एवढा धीर नसतो.

मोटरसायकलचं मला सांगता येणार नाही. वयाबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. साडेतीन-चार म्हणजे अजून हाडं भरायची आहेत. पायांची हाडं आधी पक्की होतात, पाठीच्या मणक्यांची वाढ सगळ्यात शेवटी, साडेपाचच्या आसपास थांबते. आणि आपण बसतो पाठीवरच. डोंगर चढताना-उतरताना सगळा ताण तिथंच येतो. वजनाचा हिशेब केलात का? खोगीर धरून एकूण ओझं घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, आणि तरुण घोड्याला त्याच्याही खाली ठेवावं.

वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा, ११,८८० नं भागा. किलोमध्ये वजन येतं.

काजूमळा

माप घेतलं. घेर १५५, लांबी १४८. म्हणजे ३०० किलोच्या जवळपास, ओझं ६० किलोपर्यंत. भाची ४६ किलो आणि खोगीर ८, एकूण ५४. तुमच्या हिशेबानं चालतंय, पण फार मोकळीक नाही. मी स्वतः तिच्यावर बसलेलो नाही आणि अजून वर्ष-दीड वर्ष तरी बसणार नाही. देवरवाडीच्या बाजूचा चढ लागला तिथं भाची उतरून चालत होती, उतारालाही तसंच. डोंगरावर वर गेलोच नाही, पायथ्यावरनं माघारी.

मैदानगडी

दादा, मी रायबागकडचा. तुमच्या घोडीनं काय केलं ते वाचता वाचताच कळलं की ओ.

ही गाडीला जुंपलेली घोडी असणार. आमच्याकडं घोडागाडीच्या शर्यती होतात, कुठं कुठं एका जुवाला घोडा आणि बैल जुंपून पळवतात. शर्यत लागली की गाडीच्या दोन्ही बाजूंनी मोटरसायकली पळतात. मागं बसलेला हॉर्न वाजवतो, ओरडतो, शिट्ट्या मारतो. जनावराला शिकवलेलंच असतंय की मोटरसायकल बरोबरीला आली म्हणजे जोर लावायचा. ती बुजली नाही. तिला वाटलं शर्यत सुटली. उसाच्या ट्रॅक्टरचा डेक तिला नवीन नसणार, शर्यतीच्या माळावर त्याच्यापेक्षा मोठा आवाज असतोय.

खात्री करायची असली तर अंगावर बघा. छातीवर पट्टी घासायची जागा, खांद्याचा पुढचा भाग आणि मानेवर जू टेकतं ती जागा. कातडी घासून जखम झाली की पुढं तिथं पांढरे केस येतात. कुमैत रंगावर ते लपत नाहीत. केस नसले तर बोटानं चाचपा, जाड कातडी लागेल. आणखी एक करा. दुडकीला घातली की ती मान उचलून खेचत्ये का बघा. गाडीचं घोडं ओझ्याला छाती लावून खेचायला शिकलेलं असतं, लगाम धरला की ते आणखी जोर करतं.

काजूमळा

आत्ताच मळ्यावर जाऊन आलो. छातीच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या टोकाच्या आत, दोन बोटं रुंदीचा आडवा पट्टा आहे. लांबून नुसता धुळीसारखा दिसतो. हात फिरवला तर केस राठ आणि मधे मधे पांढरे. मानेवर काही नाही. उजव्या बाजूला पांढरे केस नाहीत, पण कातडी जाड लागते.

मालकाला सरळ विचारलं. त्यानं ती अशीच कुणाकडून तरी घेतली आहे, आधीचं त्याला माहीत नाही म्हणाला. मला खोटं वाटलं नाही. मैदानगडी, तुमचे उपकार.

रपेट_मुळाकाठ

म्हणजे साडेतीन वर्षांच्या आधी ही शर्यतीला पळवली आहे. तिसऱ्या वर्षी, कदाचित त्याच्याही आधी. वाचून वाईट वाटलं. अशा वेळी पुढच्या पायांचे सांधे आणि त्याच पायांच्या मागच्या बाजूचे शिरांचे पट्टे (कंडरा) नीट चाचपून घ्या, गरम लागतात का, सूज आहे का. डांबरावर सरळ रेषेत दुडकी चालवून लंगड बघा, मग कडक जमिनीवर लहान गोलात दोन्ही बाजूंनी. थोडं लंगड असेल तर गोलात जास्त उघड होतं.

मैदानगडी

पळवली असणार, होय. आमच्यातही सगळे तसं करत नाहीत. माझ्या घरी पाचव्या वर्षाशिवाय घोडं जुवाखाली जात नाही, वडिलांचा नियम आहे तो. खरं पैशाची घाई असणारे आहेत, ते मी नाकारत नाही.

जांबोटी_वाट

मी खानापूर तालुक्यातली. घरी दोन घोडी आहेत, त्यातली एक अशीच गाडीवरून आलेली. म्हणून लिहिते.

घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण भाचीसाठी घेताय म्हणून दोनदा विचार करा. गंजीची भीती एका दुपारी जाते. शिकवून अंगात मुरवलेली गोष्ट तशी जात नाही, तिच्यावर दुसरं शिक्षण चढवावं लागतं. आमच्या घोडीला मी हे केलं. आधी बंद मोटरसायकल गोठ्याच्या दारात उभी ठेवायची आणि तिच्या शेजारीच चाऱ्याची पाटी. मग इंजिन चालू, गाडी जागेवरच. मग गाडी पुढं आणि घोडी तिच्या मागून चालत. हे फार उपयोगी पडतं, कारण शर्यतीत गाडी कधी पुढं हळू चालत नाही, त्यामुळं तिच्या डोक्यातलं जुनं चित्र जुळत नाही. मग समोरून येणारी गाडी. मागून येणारी सगळ्यात शेवटी, आणि ती बरोबरीला यायच्या आधीच घोडी थांबवायची, मान खाली येईपर्यंत उभी ठेवायची. गाडी आली म्हणजे उभं राहायचं, एवढंच तिला शिकवायचं आहे. पावसाळा संपल्यावर सुरू केलं होतं, उन्हाळा लागेपर्यंत चाललं. आता मोटरसायकल आली की ती स्वतःच कडेला होते.

आणखी एक. तुमच्या वाटेवर जांभ्याचा उघडा कातळ लागत असेल. सकाळच्या दवात तो निसरडा होतो आणि नाल ठोकलेलं घोडं त्याच्यावर जास्त घसरतं. मी पुढच्या पायांनाच नाल ठेवते आणि पाच-सहा आठवड्यांनी बदलते. आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मोटरसायकलपेक्षा गव्याची धास्ती जास्त. भीमगडचं अभयारण्य जवळ आहे, सकाळी धुक्यात वळणावर गवा उभा असतो. तिथं घोड्यावर बसून धीर दाखवण्यात अर्थ नाही, उतरायचं, वाट सोडायची आणि मागं फिरायचं. शेतांच्या कडेनं जाताना डुकरांसाठी वीज सोडलेल्या तारा असतात, त्याही बघा. पहाटे निघू नका, तारा दिसतील एवढा उजेड होऊ द्या.

उत्तरमाळ

भोवरे पाहिले का? गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानतात तो भोवरा, आहे का? आमच्या आजोबांनी त्याशिवाय घोडं कधी दारात आणलं नाही.

काजूमळा

देवमण आहे, मालकानं सगळ्यात आधी तेच दाखवलं. घरच्या मोठ्यांना त्यानं समाधान वाटेल, त्यांचा मान मी ठेवतो. निर्णय मात्र त्यावर नाही.

जांबोटी_वाट ताई, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. लगामाबद्दल विचारायचं राहिलं. मालकाकडं जो लगाम आहे त्याच्या कडीला (तोंडात बसतं त्या लोखंडाला) आतून बारीक काटे आहेत. आम्ही तो वापरला नाही, आमचा साधा, मधे सांधा असलेला घातला. तरी लगामाला हात लागला की ती डोकं झटकते, विशेषतः डाव्या बाजूला.

गोठ्यावरचा_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर, घोडी रोज बघत नाही, पण या भागात काम करतो म्हणून मुद्द्याचं लिहितो.

काटेरी कडी फेकून द्या. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांबाबतचे १९६५ चे केंद्रीय नियम आहेत, त्यांत काटे असलेल्या कडीला बंदी आहे. जिभेवर आणि तोंडाच्या कोपऱ्यात जुने व्रण आहेत का ते बघा. डोकं झटकण्याचं दुसरं कारण असं की काही घोड्यांना पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढं एक बारीक दात असतो. कडी त्याच्यावर आपटते आणि घोडं डोकं फेकतं. लोक समजतात खोड आहे. तो काढणं फार मोठं काम नाही. त्यातून या वयात दुधाच्या दाढा पडून पक्क्या येत असतात, तोंड दुखरं असतं. डाव्या बाजूला जास्त झटकते म्हणताय, तर डावीकडं नक्की काहीतरी आहे. तोंड तपासून होईपर्यंत तिला म्होरकीवरच चालवा.

आता रक्त. ग्लँडर्सची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. हा रोग माणसाला होतो, त्यावर लस नाही आणि घोडं बाधित निघालं तर त्याला मारावंच लागतं. २००९ च्या कायद्यात तो कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत आहे. शासकीय दवाखान्यात सांगा, ते रक्ताचा नमुना पाठवायची व्यवस्था करतात. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र यातलं मुख्य. शर्यतीच्या माळावर ठिकठिकाणची घोडी एका हौदावर पाणी पितात, त्यामुळं तुमच्या घोडीला ही तपासणी जास्तच गरजेची. त्याच रक्तात सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोगही बघून घ्या. चावणाऱ्या गोमाश्या तो पसरवतात. ताप येतो-जातो, घोडं खातं तरी वाळत जातं, पोटाखाली सूज येते. साधं घोड्याचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं, थर्मामीटर घरी ठेवा.

उचगाव-बेळगुंदी हा भाताचा पट्टा, पाणी साचतं, डास भरपूर, गोठे घराला लागून. अशा ठिकाणी घोड्यांना कुमरी होते. गाई-बैलांच्या पोटातल्या एका कृमीची पिल्लं डासातून घोड्याच्या अंगात जातात आणि भरकटत पाठीच्या मज्जारज्जूत शिरतात. मागचा भाग डुलायला लागतो, पाय घासत टाकतं. घोडं बैलांच्या गोठ्यात बांधू नका, संध्याकाळी धूर करा. आणि धनुर्वाताची लस. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, नालेचा एक खिळा पुरतो.

सुगीच्या दिवसांत पिंजर फुकट मिळतं म्हणून तेच भरपूर घालतात. पिंजर कोरडं आणि जड, पाणी कमी पडलं की आतडं तुंबतं. घोड्याला उलटी होत नाही. पोटाकडं वळून बघायला लागलं, जमीन उकरायला लागलं, लोळायला लागलं की खायला देणं बंद करा आणि डॉक्टरला बोलवा, सकाळची वाट बघू नका.

रपेट_मुळाकाठ

डॉक्टर, रपेटीनंतर नाडी कधी मोजावी हेही सांगा. नवे लोक तेच विसरतात.

गोठ्यावरचा_डॉक्टर

जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूनं बोट ठेवा, दोरीसारखी शीर लागते. १५ सेकंद मोजा, चारनं गुणा. आराम असताना ३० ते ४० च्या आसपास. थांबल्यावर १०-१५ मिनिटांत ६० च्या खाली यायला हवी. येत नसेल तर त्या दिवसाचं काम तिथंच थांबवा. घामेजलेल्या घोड्याला पाणी तोडू नका, थोडं थोडं देत राहा.

मैदानगडी

मोटरसायकलवाला ओळखीचाच घ्या दादा, आणि त्याला हॉर्नला हात लावू नको म्हणून सांगा. हॉर्नची वेळ अगदी शेवटी. आणि दुसरं घोडं बरोबरीला पळवू नका, त्यालाही ती तेच समजेल. म्हाताऱ्या घोड्याला पुढं ठेवा नाहीतर मागं, शेजारी नको.

जांबोटी_वाट

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आणि घराकडं तोंड झालं की चालच ठेवा, दुडकीसुद्धा नको. गोठ्याच्या दारावरनं एकदा पुढं नेऊन मग परत आणा.

काजूमळा

या शनिवार-रविवारचं सांगतो. दोन्ही दिवस म्होरकीवरच, पाठीवर कुणी नाही. मोटरसायकल बंद उभी केली, शेजारी हरभऱ्याचा कोंडा. पहिल्यांदा पाटीपर्यंत आली, पण खाताना डोळा गाडीवर. इंजिन चालू केल्यावर मान वर, कान पुढं, आणि पाय बदलायला लागली. पळायची तयारीच ती. भाचीनं दोरी सैल सोडली आणि वाट बघितली. मान खाली यायला बराच वेळ लागला, पण आली, आणि मग पाटीत तोंड घातलं. रविवारी गाडी पुढं आणि घोडी मागून, बेकिनकेरेच्या बाजूच्या गाडीवाटेनं. मैदानगडी म्हणाले तसा म्हातारा घोडा मागं ठेवला होता. सुरुवातीला दोरी ताणत होती, परतीला दोरी लोंबत होती. मागून येणारी गाडी अजून दाखवलेली नाही, एवढ्यात दाखवणारही नाही.

शिरांचे पट्टे थंड आहेत, सूज नाही, गोलात दोन्ही बाजूंनी लंगड नाही. तोंडात डाव्या बाजूला तो बारीक दात सापडला, डॉक्टरांनी सांगितला तसाच, आणि हिरडीवर एक जुना व्रणही आहे. दात काढून घेणार आहोत. रक्त शुक्रवारी घेतलं, निकाल येईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत असं मालकाशी बोलून ठरवलं आणि त्यानं ते मानलं. तोवर घोडी त्याच्याच मळ्यात राहील, बैलांपासून वेगळी बांधलेली. कडबा आणि वाळलेलं गवत आमच्याकडून, पिंजर बंद.

निकाल चांगला आला तर घेणार. भाचीला सांगून ठेवलंय की पाठीवर बसणं आता होळीनंतर, तेही आधी मळ्यातल्या मळ्यात. या भागात कुणाकडं शांत, वयस्कर घोडं असेल आणि रविवारी सकाळी उजाडल्यावर राकसकोपच्या बाजूला यायची तयारी असेल तर मला निरोप पाठवा. पुढं चालणारं आणखी एक घोडं मिळालं तर तिला बरं पडेल.